पादुकांचे राज्य आणि भरताचा हिशेब

राजकीय कल्पना केवळ ग्रंथांतून आणि कायद्यांतून जन्म घेत नाहीत. समाजाच्या स्मृतीत रुजलेल्या कथा त्यांना आधीच आकार देऊन ठेवतात. भरताने सिंहासनावर रामाच्या पादुका ठेवल्या व नंदिग्रामातून चौदा वर्षे कारभार केला, ही कथा याचे उत्तम उदाहरण आहे. सत्ता एकाच्या नावाची, कारभार दुसऱ्याचा, ही व्यवस्था आपल्याला परकी वाटत नाही, याचे एक कारण या कथेत आहे.

अठराव्या शतकातील मराठी राज्य याच धर्तीवर चालले. इ. स. १७४९ मध्ये शाहू महाराजांच्या निधनानंतर प्रत्यक्ष सत्ता पुण्यात एकवटली. तरीही १७७४ मध्ये अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच आणावी लागली.

दिल्लीत तर या व्यवस्थेचे थरावर थर चढले. मराठ्यांनी १७७२ मध्ये शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत आणले. १७८४ मध्ये बादशहाने ‘वकील-इ-मुतलक’ हे पद दिले ते पेशव्यांना. महादजी शिंदे त्यांचे नायब. उत्तरेतील सर्वात बलाढ्य पुरुष स्वतःला ‘पाटील’ म्हणवून घेत असे. १७९२ मध्ये पुण्यात आल्यावर त्यांनी पेशव्यांपुढे नवे जोडे ठेवून हेच आपले वडिलोपार्जित काम असल्याचे सांगितले, अशी हकीकत ग्रँट डफ यांनी नोंदवली आहे. त्या दरबारात पादुकांचा संकेत कोणाला समजावून सांगावा लागला नसेल.

११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेकाठी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. विजयी जनरल लेकनेही वृद्ध, अंध शाह आलमला तख्तावरून हटविले नाही. कंपनीची नाणी तर त्याच्या मृत्यूनंतरही १८३५ पर्यंत त्याच्या नावाने पडत राहिली. प्रजेला परिचित असलेले नाव पुढे ठेवणे हे फौज पोसण्यापेक्षा स्वस्त पडते, हे व्यापाऱ्यांना चांगले उमगले होते.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. वाल्मीकींचा भरत केवळ पादुकांची पूजा करीत नाही. राम परतताच तो राज्य स्वाधीन करतो आणि कोश, धान्याची कोठारे, नगर व सैन्य यांची पाहणी करण्याची विनंती करतो. हे सारे दसपट झाल्याचे सांगतो. म्हणजे त्या विश्वस्तपणाला मुदत होती आणि शेवटी हिशेबही होता. इतिहासाने कथेतून पादुका उचलल्या; मुदत आणि हिशेब मात्र मागेच राहिले. ज्याच्या नावाने कारभार चालला, त्याला तो तपासण्याची सोय उरली नाही.

आज केंद्र सरकारचे आदेश अनुच्छेद ७७ नुसार राष्ट्रपतींच्या नावाने निघतात. ही पद्धत ब्रिटिश परंपरेतून आली, पण या मातीला ती नवी वाटली नाही. नवे होते ते दुसरेच. याच संविधानाने लोकसभेला पाच वर्षांची मुदत घातली आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेपुढे ठेवणे बंधनकारक केले. भरताच्या कथेतील गळालेला भाग तेथे परत आला.

दुसऱ्याच्या नावाने सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने म्हणूनच स्वतःला विचारावे : हे नाव आपल्यावरचे बंधन आहे, की आपली ढाल? लेखापरीक्षणाच्या आक्षेपाला आपण जे उत्तर लिहितो, त्यात याचा निवाडा होतो.