डब्ल्यूडीएस-4 आणि एकटी वाघीण

रेल्वेवेड्या मित्रांना इंजिनांबद्दल छेडा. डेक्कन क्वीन निघेल, राजधानी निघेल, घाटातले बँकर निघतील. यार्डात दिवसभर पुढे-मागे करणाऱ्या शंटिंगच्या इंजिनाचं नाव कुणी काढणार नाही. म्हणून आज त्याच्याबद्दल.

डब्ल्यूडीएस-4. नाव फोडलं की काम कळतं: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एस म्हणजे शंटिंग. चित्तरंजनच्या कारखान्यात 1960 च्या दशकाच्या अखेरीस हे बनू लागलं. ताकद जेमतेम 600-700 अश्वशक्ती, म्हणजे मेनलाइनवरच्या डब्ल्यूडीएम-2 च्या (2600) चौथ्या हिश्श्याइतकी. वजन मात्र सुमारे 60 टन, कारण इथे वेग नको, रुळांवर पकड हवी. डिझेल असूनही चाकं वाफेच्या इंजिनासारखी दांड्यांनी एकमेकांना जोडलेली.

गंमत आहे ती आतल्या यंत्रणेत. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा. दुसरा आपोआप फिरायला लागतो ना? इथे हवेऐवजी तेल असतं. इंजिन तेल ढकलतं, तेल चाकांकडचं चक्र फिरवतं. दिवसातून शेकडो वेळा थांबायचं आणि निघायचं असेल तर हे फार सोयीचं. नंतरच्या मॉडेलांसाठी ही यंत्रणा फॉइट या जर्मन कंपनीच्या तंत्रावर पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने बनवली.

किर्लोस्कर म्हटलं की आपण थेट सांगली जिल्ह्यात. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडलं आणि औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना थाटला. तेच किर्लोस्करवाडी. तिकडे साताऱ्याजवळ धनजीशहा कूपर यांचा कारखाना सातारा रोड स्टेशनापाशी उभा राहिला. आधी नांगर, मग 1930 च्या दशकात चक्क डिझेल इंजिनं!

दोन्ही कारखाने शहरात नाहीत, तेव्हाच्या पुणे-मिरज मीटरगेजच्या छोट्या स्टेशनांपाशी आहेत. का? कारण कच्चं लोखंड आणि कोळसा आत आणायला, नांगर बाहेर पाठवायला तेव्हा रेल्वेच हवी. आणि एवढ्याशा कारखान्याला अख्खी मालगाडी लागत नाही, एखाददुसरी वाघीण पुरते.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही पॅकेट स्विचिंगच होती. वाघीण म्हणजे पॅकेट, यार्ड म्हणजे राउटर. प्रत्येक मोठ्या यार्डात गाडी फोडायची, वाघिणी दिशेनुसार लावायच्या, नवी गाडी जुळवायची. ही सगळी उलथापालथ शंटिंगचं इंजिन आणि वाघिणींच्या मधे शिरून जोडण्या लावणारी माणसं करायची. जीवावरचं काम. मिरजेत तर 1971 च्या सुमारास पुण्याकडून ब्रॉडगेज आलं आणि पुढे काही दशकं तिथे तीन-तीन गेज नांदले. एका गेजचा माल दुसऱ्यावर चढवायचा तो हमालांच्या पाठीवरून.

1980 च्या दशकात रेल्वेने हिशेब मांडला. वाघिणी धावण्यापेक्षा यार्डात पडून राहण्यातच जास्त वेळ घालवतात. मग धोरण ठरलं: सुट्या वाघिणी बंद करत जायचं, अख्खी रेक भरणारा माल घ्यायचा. कोळसा, सिमेंट, खत, साखर. हिशेब म्हणून बिनचूक. वाघिणी जास्त फिरू लागल्या, मोठी यार्डं एकेक करून ओस पडली आणि शंटिंगच्या इंजिनांचं काम आटलं.

पण चाळीसेक वाघिणींची रेक भरणार कोण? साखर कारखान्यांचं जमलं. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याचं काय? माळावरच्या छोट्या फाउंड्रीचं काय? ती सगळी ट्रककडे गेली, पुणे-बंगळूर हायवेवर. रेल्वेने जो खर्च यार्डात वाचवला, त्यातला बराचसा आपण डिझेल, धूर आणि कात्रजच्या ट्रॅफिकच्या रूपाने भरतोय असं मला वाटतं.

रेल्वेला जुनी यार्डं परत आणता येणार नाहीत, तो हट्टही नाही. पण 1910 मध्ये एखाद्याला माळावर कारखाना काढावासा वाटला, कारण त्याची एकटी वाघीणसुद्धा देशभर पोचत होती. आज तसं कुणाला वाटावं यासाठी रेल्वेकडे काय आहे? कंटेनर हे एक उत्तर असू शकतं, पण छोट्या स्टेशनात तो चढवायची सोय हवी. असो. पुढच्या वेळी कोल्हापूरला जाताना किर्लोस्करवाडीला खिडकीतून बाजूचे रूळ जरूर बघा.