एक जादा वाट

दोन वर्षं मला सांगितलं जात होतं, ही ॲसिडिटी आहे. मग म्हणे टेन्शन. मग, 'आयटीवाल्यांचं असंच असतं, रात्रीची कॉफी कमी करा.' बसल्या बसल्या अचानक छातीत धडधड सुरू व्हायची आणि दहा-पंधरा मिनिटांनी बटण बंद केल्यासारखी थांबायची. वय सत्तावीस, म्हणून ईसीजी काढावा असं कुणाला वाटलंच नाही. शेवटी सिडकोतल्या एका डॉक्टरांनी तो काढला आणि मिनिटभरात आजाराचं नाव सांगितलं: वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट.

ही तीन डॉक्टरांची नावं. १९३० साली त्यांनी अशा ११ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. लेखाच्या शीर्षकातच या रुग्णांना निरोगी तरुण म्हटलं होतं. म्हणजे वय कमी म्हणून हा आजार नसेल, हा तर्क नव्वद वर्षांपूर्वीच मोडीत निघाला होता!

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली विजेचा संदेश जायला एरवी एकच वाट असते आणि तिथे तो क्षणभर अडवला जातो. माझ्याकडे जन्मापासून स्नायूची एक बारीक जादा वाट होती. संदेश एका वाटेने खाली, दुसरीने परत वर. आमच्या भाषेत इन्फिनिट लूप. बहुतेक वेळा नुसता त्रास होतो, क्वचित जीवही जातो.

वाट कळली तरी तिथे पोचायचं कसं? १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी एका मच्छीमाराची छाती उघडून ही जादा वाट कापली. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेल्विन शाइनमन यांनी शिरेतून नेलेल्या कॅथेटरने हृदयातली वाट तोडून दाखवली, पण त्यासाठी विजेचा जबर झटका द्यावा लागे. पुढे झटक्याऐवजी रेडिओलहरींची उष्णता आली. १९९१ मध्ये वॉरन जॅकमन यांच्या गटाने १६६ पैकी १६४ रुग्णांची जादा वाट अशी बंद केल्याचं प्रसिद्ध केलं.

माझ्या वेळी फक्त जांघेत भूल दिली होती. डॉक्टरांनी तीच धडधड मुद्दाम सुरू केली, जागा शोधली आणि तिथे उष्णता दिली. दोन वर्षांची गोष्ट काही सेकंदांत संपली. मग सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. आई चमच्याने पाणी पाजत होती.

भीती मात्र जळाली नव्हती. घरी आल्यावर एखादा ठोका चुकला तरी बोटं मनगटावर जायची. असे चुकार ठोके सुरुवातीला पडतात, हे डॉक्टरांनी सांगूनही.

तीन महिन्यांनी दौलताबाद चढलो. अंधारीतून बाहेर आलो तेव्हा छाती जोरात धडधडत होती. पायरीवर बसून नाडी मोजली. ती एकदम थांबली नाही. हळूहळू, शेजारी बसलेल्या मित्राच्या नाडीसारखीच, उतरत गेली.

तुम्हालाही कुणी नुसतं 'टेन्शन' म्हणत असेल, तर एक ईसीजी काढून घ्या. जमल्यास धडधड चालू असतानाच.