वहीबाहेरची जमा

आमच्या जुन्नर तालुक्याला कल्याण कधीच परकं नव्हतं. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत यायचा. घाटाच्या माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं आमच्याकडं म्हातारी माणसं अजून सांगतात. पुढं नाणेघाटाची वाट मोडली, माळशेज घाटातून एसटी धावू लागली आणि मालाऐवजी माणसं खाली उतरू लागली. कुणी गिरणीत गेलं, कुणी गोदीत, कुणी भायखळ्याच्या भाजीबाजारात हमालीला.

ही माणसं मुंबईला घर करायला गेली नव्हती. घर गावाला होतंच. मुंबईत हवी होती ती फक्त पाठ टेकायला जागा. एका खोलीत पंधरावीस जण पाळीपाळीनं झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि महिन्याच्या महिन्याला गावाला मनीऑर्डर करायचे. तेव्हाचा हिशेब सोपा होता. मिळवायचं शहरात, खर्चायचं गावात. पोस्टमन दारात आला की सावकार, वाणी आणि लग्नाचं देणं, तिघांनाही कळायचं.

हा हिशेब पुढच्या पिढीत मोडला. तो कसा मोडला ते मी आमच्याच घरात पाहिलं. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, १९६६ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात लागले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघालं आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. दोनेक वर्षांत डोंबिवलीलाही एमआयडीसी आली. म्हणजे कामासाठी आता परळ-लालबाग गाठायची गरज नव्हती. नानांनी काकीला आणलं, कल्याणला चाळीत खोली घेतली आणि मुलं शाळेत घातली. मुलं शाळेत गेली की खोली ही पाठ टेकायची जागा राहत नाही. ते घर होतं. आणि घर भाड्याचं असलं की मालकाच्या मर्जीवर असतं.

इथं थोडा कायदा सांगितला पाहिजे, नाहीतर एवढ्या तंगीत माणसं घर विकत घ्यायच्या मागं का लागली ते कळणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. जुन्या भाडेकरूंचं भलं झालं, पण भाड्यानं द्यायला चाळी बांधणं मालकांना परवडेना. जुनी खोली मिळवायची तर पागडी. पागडी मोजूनही माणूस भाडेकरूच. १९७३ साली कायद्यात बदल होऊन त्या वेळी लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं, तेव्हापासून मालक नवा माणूस घ्यायलाच कचरू लागले. भाड्याची वाट अशी अरुंद होत गेली. दुसरीकडं १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला. बिल्डरनं आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार करायचा, ताबा कधी देणार ते लिहून द्यायचं, पुढं जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करायची, असं त्यात होतं. पगारदार माणसाला ‘ब्लॉक’ घेणं निदान कागदावर शक्य झालं.

आणि तो ब्लॉक मिळत होता डोंबिवलीला. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ साली सुरू झाली, १८५४ साली ती कल्याणला पोचली. सव्वाशे वर्षांनी याच रुळांमुळं डोंबिवलीत घर करणं कामगाराला जमू लागलं. जागा मुंबईपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि लोकलचा तिमाही पास काढला की रोजचं जाणं-येणं परवडायचं. पाणी टँकरचं, रस्ते चिखलाचे, गाडीत लोंबकळायचं. पण दाराला आपलं कुलूप.

नानांची जमाखर्चाची वही माझ्याकडं आहे. लाल पुठ्ठ्याची, उभ्या घडीची. १९७४ च्या जूनचं पान असं आहे. हातात आलेला पगार ४३० रुपये. गाव १००. खोलीभाडं ४५. रेशन आणि किराणा १४०. दूध २५. भाजी २५. रॉकेल १२. पास १२. किरकोळ ३१. शिल्लक ४०.

गावाचे शंभर सगळ्यांत आधी लिहिलेत, भाड्याच्याही आधी. मग पुढच्या पाच वर्षांत हा माणूस ‘किरकोळ’शी कसा झगडला ते पानोपानी दिसतं. विडी बंद. ठाणे स्टेशनापासून कारखान्यापर्यंत बस नाही, चालत. भाजी सकाळी घ्यायची नाही. रात्री सुटल्यावर स्टेशनाबाहेर भाजीवाल्या उरलेला वाटा उतरवून देतात, तो घ्यायचा. गावाला वर्षातून दोनदाच, यात्रेला आणि दिवाळीला. पोरांना नवे कपडे दिवाळीलाच, तेही एका ताग्यातले, म्हणजे कापड कमी लागतं.

पण काटकसर केली म्हणजे पैसा साठला, असं होत नाही. चाळीत शिल्लक पैसा घरात ठेवला की तो शिल्लक राहत नाही. कुणाचं पोर दवाखान्यात, कुणाच्या बहिणीचं लग्न. ‘नाही’ म्हणायची सोय नसते, आणि उद्या आपल्यालाही मागावं लागतं. म्हणून नानांनी पैसा हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवला. चाळीस रुपये पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती खात्यात. कारखान्याच्या पतपेढीची वर्गणी पगारातूनच कापून जायची. प्रॉव्हिडंट फंड तर दिसतच नव्हता. दिवाळीचा बोनस, जो १९६५ च्या कायद्यानं हक्काचा झाला होता, तो मिळाला की त्याच दिवशी बँकेत. शिवाय पाळीतल्या वीस जणांची भिशी. तिला लिहिलेला कायदा नव्हता. पण हप्ता चुकवला तर उद्या त्याच गाडीत त्याच माणसाशेजारी उभं राहायचं होतं, हा धाक कायद्याहून मोठा.

कर्ज हा शब्द वहीत पतपेढीपुरताच येतो. घरासाठी सामान्य नोकरदाराला कर्ज द्यायची बँकांना तेव्हा सवय नव्हती. हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी काढली ती १९७७ साली. कल्याणच्या चाळीपर्यंत तिचं नाव पोचायला अजून वेळ होता.

१९७९ साली डोंबिवली पूर्वेला २८० फुटांचा रूम-किचन घेतला. २८ हजार रुपये. वहीत जमेच्या बाजूला पैसे कुठून आले ते ओळीनं लिहिलंय. पतपेढीचं कर्ज ८,०००. प्रॉव्हिडंट फंडातून ६,०००. पोस्ट ३,०००. बोनसचे ३,०००. भिशी २,०००. पाटल्या ४,०००. आणि शेवटी एकच शब्द, ‘गाव’, २,०००.

शेवटच्या दोन ओळींपाशी मी नेहमी थांबतो. पाटल्या काकीच्या होत्या, चार तोळ्यांच्या, माहेरच्या. त्या परत झाल्या नाहीत. काकी म्हणायची, ‘‘हातातलं गेलं, पन डोक्यावरचं आलं.’’ पण करारावर आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव एकट्या नानांचं. तेव्हा सगळ्यांचंच तसं. आज घर बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, २०२१ पासून. काकीला ती बातमी वाचून दाखवली तर हसली नुसती.

‘गाव, २,०००’ म्हणजे आमच्या खिल्लारी जोडीतला एक बैल आणि वरची थोडी उसनवारी. माझ्या वडिलांनी, आबांनी, बैल विकला. राहिलेला बैल दुसऱ्याच्या बैलाला लावून वारंगुळ्यानं नांगरणी केली. त्याआधीच मनीऑर्डर शंभरावरून साठावर आली होती. पतपेढीचे हप्ते सुरू झाल्यावर ती तिसावर आली. विहीर खोल करायची होती. १९७२ च्या दुष्काळात ती आटली, तेव्हापासून ते काम डोक्यात होतं. आबा म्हणायचे, ‘‘नानांचं घर झालं म्हंजी आपलंच झालं. हिरीचं काय, पुढल्या साली बघू.’’ ते पुढलं साल १९८७ ला आलं. नानांनीच त्यात पैसे घातले. पण मधली आठ वर्षं उन्हाळी पीक गेलं ते गेलंच. त्याची किंमत कुठल्याच वहीत नाही.

वहीत आणखी एक गोष्ट नाही. दर दिवाळीला आणि यात्रेला एसटीच्या टपावरून कल्याणला जायचं ते पोतं. पायली-पायली मोजून भरलेली बाजरी, तांदूळ, हुलगे, वर कांदे. किराण्याचे १४० रुपये पाच जणांना पुरायचे ते या पोत्यामुळं. काकीनं कारखान्यातल्या चार पोरांचे डबे केले, तेही याच तांदळावर. डब्यांचे पैसे वहीत जमा आहेत, तांदूळ नाही. नाना अप्रामाणिक नव्हते. घरच्या धान्याचा भाव करायचा नसतो, अशी रीत होती. पण त्या रीतीमुळं शहरातलं घर एकट्या शहराच्या पगारातून उभं राहिलं असं दिसतं. ठाणे-डोंबिवलीच्या कामगारांनी कशी काटकसर करून घरं केली हे अनेकांनी अभिमानानं सांगितलंय, आणि ते खरंच आहे. त्यातल्या किती घरांच्या मागं असं पोतं होतं, ते मात्र सांगायचं राहतं.

गावाला काहीच मिळालं नाही असंही नाही. १९८४ साली मी अकरावीला डोंबिवलीला आलो. माझ्यामागून दोन चुलत भाऊ आले. २८० फुटांत आम्ही आठ जण राहत होतो. मी गॅलरीत झोपायचो, पुस्तकं खाटेखाली. काकीनं वाढताना कधी हात आखडला नाही. पहिल्या पिढीला पंधरावीस जणांची जी खोली होती, तीच पुन्हा उभी राहिली होती, फक्त आता ती आमच्या मालकीची होती. आबांच्या बैलाचं व्याज म्हणायचं तर ते हे.

पुढं हिशेबाचा क्रमच फिरला. नानांनी आधी साठवलं, मग घर घेतलं. माझ्या पुतण्यानं आधी घर घेतलं, आता वीस वर्षं साठवतोय, त्याला तो ईएमआय म्हणतो. त्यात वाईट काही नाही. तरुणपणीच घर मिळालं, आणि २०१७ पासून रेरा आल्यावर प्रकल्पाची माहितीही घरबसल्या तपासता येते. त्याचाही खर्चाचा तक्ता आहे, मोबाइलमध्ये. पगार झाला की हप्ता आपोआप जातो, म्हणजे नानांचीच युक्ती. मग मेंटेनन्स, शाळेची फी, विमा, पेट्रोल. मी त्याला विचारलं, यात गाव कुठं आहे? तो म्हणाला, ‘‘काका, गावाला लागतील तेव्हा देतोच की.’’ देतो, हे खरं. आबांच्या आजारपणात त्यानं एका शब्दात पैसे पाठवले.

पण ‘लागतील तेव्हा’ आणि ‘दर महिन्याला पहिली ओळ’ यांत फरक आहे. पोस्टाची जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली, त्याच्या कितीतरी आधी आमच्या घरची बंद झाली होती. आमचं पोतं मात्र अजून जातं. आता माळशेजमधून पुतण्याच्याच गाडीच्या डिकीत जातं. मी त्याला एवढंच सांगितलंय की घरी पोचलास की तांदूळ मोज, आणि त्या दिवशीच्या भावानं तुझ्या तक्त्यात जमेला धर. गेल्या दिवाळीचे त्यानं धरले. किराण्याचा आकडा बघून दोघं नवराबायको गप्प बसले होते, असं सूनबाईच सांगत होती.