गोखल्यांच्या माघारी : भारत सेवक समाजाच्या धुरीणांची कथा

एखाद्या ग्रंथालयाची शताब्दी साजरी होते तेव्हा संस्थापकांच्या तसबिरींना हार घातले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु शंभर वर्षांपैकी संस्थापकांच्या वाट्याला आलेली वर्षे फार तर वीस-पंचवीस असतात. उरलेली पाऊणशे वर्षे ज्यांनी किल्ल्या सांभाळल्या, वर्गणी गोळा केली, पुस्तकांना बांधणी करून घेतली आणि वाद झाले तरी दार बंद होऊ दिले नाही, त्यांच्या तसबिरी सहसा भिंतीवर नसतात. म्हणून या स्मरणग्रंथाच्या निमित्ताने एका थोर संस्थापकाची नव्हे, तर त्याच्या माघारी त्याचा वारसा सांभाळणाऱ्यांची कथा सांगावी असे वाटले. संस्थापक आहेत नामदार गोपाळ कृष्ण गोखले, १९०५ सालच्या बनारस येथील राष्ट्रसभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष. आणि संस्था आहे त्यांनी त्याच वर्षी पुण्यात स्थापन केलेला भारत सेवक समाज, इंग्रजीत सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी या नावाने ओळखला जाणारा. (१९५२ साली याच नावाची एक निराळी संस्था दिल्लीत निघाली, तिचा येथे संबंध नाही.)

लोधीखेड्यासारख्या गावातील वाचकाला पुण्याच्या या संस्थेशी आपला काय संबंध, असा प्रश्न पडेल. तो संबंध आहे, आणि वाटतो त्याहून जवळचा आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आणि कायदेमंडळातील अंदाजपत्रकावरील व्याख्याने यांमुळे त्यांचे नाव देशभर झाले होते. परंतु व्याख्यानांनी देश उभा राहत नाही, त्यासाठी आयुष्य वाहून घेणारी माणसे तयार करावी लागतात, हे त्यांनी ओळखले होते. १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसनच्या टेकडीजवळ समाजाची स्थापना झाली तेव्हा त्यांच्यासह अवघे चार जण होते : स्वतः गोखले, नटेश आप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन. प्रत्येक सभासदाने सात प्रतिज्ञा घ्यावयाच्या होत्या. देशाचा विचार सर्वांच्या आधी करीन. देशसेवेत स्वतःचा लाभ पाहणार नाही. सर्व भारतीयांना जातिधर्मभेद न मानता बंधू समजेन. समाज देईल त्यात माझा व कुटुंबाचा निर्वाह करीन आणि पैसा मिळविण्यासाठी शक्ती खर्च करणार नाही. शुद्ध आचरण ठेवीन. कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. आणि समाजाच्या ध्येयाशी विसंगत असे काही करणार नाही. हा त्यांचा आशय.

प्रतिज्ञेनंतर लगेच व्यासपीठ मिळत नसे. पाच वर्षे उमेदवारी करावी लागे; त्यांपैकी तीन पुण्यात अभ्यासात आणि दोन देशभर प्रवासात. येथे ग्रंथालयाच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोखल्यांनी समाजाबरोबरच त्याचे ग्रंथालयही सुरू केले. ज्याला देशाविषयी बोलायचे आहे त्याने आधी सरकारी अहवाल, शेतसाऱ्याचे आकडे आणि अर्थशास्त्राचे ग्रंथ वाचले पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता. तेच ग्रंथालय आज धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय या नावाने पुण्यात उभे आहे.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, गोखले गेले. समाजाला दहा वर्षेही पुरी झाली नव्हती. नेमक्या याच वेळी एक असा प्रसंग उद्भवला की, वारसा म्हणजे काय या प्रश्नाचे उत्तर सभासदांना काही दिवसांत द्यावे लागले. दक्षिण आफ्रिकेतून ९ जानेवारी १९१५ रोजी परतलेले गांधीजी गोखल्यांना गुरुस्थानी मानत. त्यांनी समाजात यावे ही गोखल्यांची इच्छा होती. सभासदांत मात्र दोन तट पडले. गांधीजींची कार्यपद्धती आणि आपली कार्यपद्धती यांत मूलभूत अंतर आहे, त्यांना घेतले तर समाजाचे मूळ उद्दिष्टच धोक्यात येईल, असे एका पक्षाचे म्हणणे होते. निवडणुकीत मतभेद उघड होऊन कटुता येऊ नये म्हणून गांधीजींनी स्वतःच अर्ज मागे घेतला. आत्मकथेत त्यांनी हा प्रसंग कसलाही राग न धरता सांगितला आहे.

या निर्णयाबद्दल पुढील पिढ्यांनी समाजाला बराच दोष दिला. पुढचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला हे सभासद करंटे वाटणे साहजिक आहे. परंतु त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर प्रश्न एवढा सोपा राहत नाही. संस्थापकाची इच्छा एकीकडे आणि संस्थापकाने घालून दिलेली पद्धती दुसरीकडे, अशी ही ओढाताण होती. त्यांनी व्यक्तीपेक्षा पद्धती राखली. त्याची किंमत फार मोठी होती : राष्ट्रीय चळवळीचा मुख्य प्रवाह समाजाच्या दारावरून निघून गेला. परंतु दार बंद झाले नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९१७ साली चंपारण्यात गांधीजींना औषधोपचाराच्या कामासाठी माणूस हवा होता तेव्हा समाजाने आपले सभासद डॉक्टर देव यांना त्यांच्या मदतीला धाडले. वैयक्तिक भांडण करणार नाही ही प्रतिज्ञा कागदावर राहिली नाही.

गोखल्यांच्या जागी व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांची निवड झाली. पुण्यातील मराठी मंडळींच्या संस्थेने दुसरा अध्यक्ष म्हणून तमिळ भाषिक शाळामास्तर निवडला, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हे. शास्त्री १९०७ साली समाजात आले होते. १९१८ साली समाजाने 'सर्व्हंट ऑफ इंडिया' हे इंग्रजी साप्ताहिक काढले, त्याचे पहिले संपादक तेच. १९२७ साली भारत सरकारचे पहिले प्रतिनिधी म्हणून ते दक्षिण आफ्रिकेत गेले. गोखल्यांनी १९१२ साली ज्या देशात जाऊन तेथील भारतीयांची दुःखे पाहिली होती त्याच देशात त्यांचा उत्तराधिकारी गेला, हा वारशाचा एक सरळ धागा होय.

शास्त्र्यांनंतर १९२७ साली अध्यक्षपद पहिल्या चौघांपैकी एक असलेल्या गोपाळ कृष्ण देवधरांकडे आले. शास्त्री वाणीचे तर देवधर हाताचे. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्याबरोबर पुणे सेवासदनाची उभारणी करताना, सहकारी पतपेढ्यांचे काम करताना किंवा १९२१ च्या मलबारातील दंगलीनंतर निराश्रितांची छावणी चालवताना त्यांच्या हाती असे ती हिशेबाची वही. १९३५ साली ते वारले. त्यांची भाषणे आज कोणी वाचत नाही, पण सेवासदनात शिकलेल्या स्त्रियांच्या कित्येक पिढ्या आहेत.

अध्यक्षपदावर नसलेल्या दोघांचा उल्लेख केल्याशिवाय ही मालिका पुरी होत नाही. ना. म. जोशी १९०९ साली सभासद झाले, १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. मुंबई महापालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून १९१४ साली आलेले अमृतलाल ठक्कर पुढे ठक्करबाप्पा म्हणून देशभर ओळखले गेले. १९२२ साली त्यांनी भिल्ल सेवा मंडळ काढले. १९३२ नंतर हरिजन सेवक संघाचे चिटणीसपद सांभाळले. ज्या गांधीजींना समाजात जागा झाली नाही, त्यांच्याच कामाचा भार समाजाच्या एका सभासदाने आयुष्यभर वाहिला. लाला लजपतराय यांनी १९२१ साली लाहोरात लोकसेवक मंडळ स्थापन केले तेव्हा त्यांच्यासमोरही आजन्म सेवकांच्या अशाच संघटनेची कल्पना होती. वारसा कोणत्या वाटेने पुढे जाईल हे विश्वस्तांच्या ठरावांवर अवलंबून नसते, हेच यावरून दिसते.

आता आपल्या भागाकडे वळू. आजच्या पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तहसील, आणि तीत वसलेले आपले लोधीखेडा, तेव्हा मध्यप्रांतातील छिंदवाडा जिल्ह्यात होते आणि राजधानी होती नागपूर. छोट्या रेल्वेने माणसे नागपूरला जात. न्याय, शिक्षण, बाजार आणि वृत्तपत्र या सर्वांचे तोंड नागपूरकडे होते. त्या नागपुरात गोखल्यांनी १९११ साली 'हितवाद' हे इंग्रजी वृत्तपत्र सुरू केले आणि ते चालवण्याची जबाबदारी पहिल्या चौघांपैकी द्रविडांवर सोपवली. समाजाची शाखाही नागपुरात होती. वृत्तपत्र पुढे समाजाच्या हातून गेले, परंतु गोखल्यांनी सुरू केलेले ते नाव नागपुरात अजून रोज छापले जाते. पुण्यात १८४९ पासून चालत आलेला 'ज्ञानप्रकाश' समाजाने चालवला, तो मात्र स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच बंद पडला. एकाच संस्थेच्या हातातील एक पत्र दुसऱ्याच्या हाती जाऊन जगले आणि दुसरे स्वतःपाशी राहून संपले. जपणे म्हणजे हाती धरून ठेवणे नव्हे, हा धडा कोणत्याही विश्वस्त मंडळाने घ्यावा असा आहे.

दुसरा संबंध याहून गंभीर आहे. देवधरांनंतर १९३६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू अध्यक्ष झाले आणि १९७८ साली निधन होईपर्यंत, म्हणजे ४२ वर्षे, अध्यक्ष राहिले. अलाहाबादचे कुंझरू घटना समितीचे सभासद होते. पदव्या व किताबांना त्यांचा विरोध होता, म्हणून १९६८ साली देऊ केलेले भारतरत्नही त्यांनी घेतले नाही असे सांगतात. हेच कुंझरू, फाजल अली आणि सरदार पणिक्कर यांच्यासह, राज्य पुनर्रचना आयोगाच्या तिघांपैकी एक होते. आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला. त्यात नागपूर-वऱ्हाडच्या आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचविले होते. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहावा अशी योजना होती. आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला. तहसिलीची, गावाची भाषा मोजून सीमा आखली नाही. विदर्भाची शिफारस सरकारने मान्य केली नाही, पण छिंदवाड्याच्या बाबतीत घडले ते आयोगाच्या म्हणण्याप्रमाणेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर तहसील मध्यप्रदेशात राहिली. आपली राजधानी एका रात्रीत नागपूरहून भोपाळला गेली.

ज्या संस्थेची एक प्रतिज्ञा सर्व भारतीयांना बंधू मानण्याची होती तिच्या अध्यक्षाने आखलेल्या रेषेच्या अलीकडे आपण राहिलो, याबद्दल तक्रार करण्याचा हा प्रसंग नव्हे. प्रशासनाच्या सोयीचा विचार त्यांनी प्रामाणिकपणे केला. परंतु त्या रेषेचा परिणाम कोणावर झाला हे सांगणे इतिहासाचे काम आहे. शाळेतील माध्यम, कचेरीतील अर्ज, नोकरीची भाषा हिंदी झाली. घरातील, शेतातील, भजनातील भाषा मराठी राहिली. अशा ठिकाणी मराठी पुस्तकांचे कपाट म्हणजे करमणुकीचे साधन राहत नाही. शाळेत मराठी न शिकलेल्या मुलाला आजीच्या भाषेचे अक्षर ओळखू येण्याची ती जागा असते. सरकारने सांभाळावे असा वारसा येथे नव्हताच. तो गावाने सांभाळला.

शेवटी समाजाच्या आजच्या स्थितीविषयी. १९३० साली रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून समाजाच्या विश्वस्ततेखाली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांचे बालपण नागपुरात गेले होते. त्यांच्या काळात या संस्थेने महाराष्ट्रातील शेती, सहकार आणि शहरे यांच्या पाहण्यांचा पाया घातला. १९९३ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. परंतु २०२४ आणि २०२५ या वर्षांत नेमणुका, निधी आणि अधिकार यांविषयीचे वाद वृत्तपत्रांत आणि न्यायालयात गेले. त्यांचा निवाडा करणे हे आपले काम नव्हे. मात्र सात प्रतिज्ञांपैकी पैसा आणि भांडण यांविषयीच्या दोन प्रतिज्ञा संस्थापकाने का घातल्या असतील, हे या वादांनी पुन्हा समजले.

समाजाच्या सव्वाशे वर्षांच्या जवळ आलेल्या वाटचालीतून एवढे निश्चित सांगता येते. ज्यांनी गोखल्यांचे नाव जपले त्यांच्यापेक्षा ज्यांनी त्यांची सवय जपली त्यांच्याकडून वारसा अधिक टिकला. आधी वाचावे, आकडे तपासावे, मग बोलावे. घेतलेल्या पैशाचा हिशेब द्यावा. न पटणाऱ्या माणसालाही मदत नाकारू नये, ही ती सवय. देवधरांच्या वहीत ती होती, ठक्करबाप्पांच्या पायपिटीत होती, गाडगीळांच्या पाहण्यांत होती. कुंझरूंच्या दीर्घ कारकिर्दीने आणखी एक गोष्ट शिकवली : प्रामाणिक माणूस ४२ वर्षे खुर्चीवर राहिला तरी त्याच्यामागून येणारे तयार करण्याचे काम आपोआप होत नाही. पाच वर्षांची उमेदवारी गोखल्यांनी याचसाठी ठेवली होती.

आपल्या वाचनालयाने दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना तसबिरींना हार जरूर घालावेत. त्याच दिवशी गावातील दोन-चार तरुण मुलामुलींना बोलावून देवघेवीची नोंदवही, दाखलवही आणि जमाखर्चाची वही त्यांच्यापुढे ठेवावी, आणि त्या कशा लिहायच्या ते शिकवावे.