जँगोची नवी आवृत्ती येते तेव्हा डॉक्युमेंटेशन कसं बदलतं?

वेबसाइट बनवायला शिकणाऱ्या मुलांची एक नेहमीची तक्रार असते : "व्हिडिओत दाखवलं तसंच टाइप केलं, पण माझ्याकडे चालतच नाही." टायपिंगची चूक सापडत नाही, शिकवणाऱ्यालाही पटकन उमगत नाही. पुष्कळदा कारण साधं असतं. धडा जुन्या आवृत्तीचा असतो आणि कॉम्प्युटरवर टाकलेली आवृत्ती नवी असते. बेळगाव, पणजी, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद, कुठेही बसून शिकलं तरी ही अडचण चुकत नाही. अशा वेळी भरवसा ठेवावा असा आधार म्हणजे अधिकृत डॉक्युमेंटेशन, म्हणजेच माहितीपुस्तिका. नव्या आवृत्तीबरोबर ती कशी बदलते आणि आपण ती कशी वाचायची, हे जँगो या वेब फ्रेमवर्कच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

जँगो म्हणजे काय?

लॉगिन, फॉर्म, डेटाबेस, पानांचे पत्ते ही कामं जवळपास प्रत्येक वेबसाइटला लागतात. ती आधीच करून ठेवलेला सांगाडा म्हणजे वेब फ्रेमवर्क. जँगो हा पायथन भाषेतला असा सांगाडा आहे. त्याचा जन्म एका वृत्तपत्रात झाला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाचं दैनिक आहे. तिथल्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये हे काम सुरू केलं. बातमीच्या घाईत पानं झटपट उभी करायची, ही त्यांची गरज होती. जुलै २००५ मध्ये जँगो सर्वांसाठी मोफत खुला झाला. जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाचं नाव त्याला दिलं आहे. इंग्रजी स्पेलिंगमधल्या पहिल्या 'डी'चा उच्चार करायचा नसतो.

आवृत्त्यांचं वेळापत्रक

जँगोची मोठी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते. ५.० डिसेंबर २०२३ मध्ये आली, ५.१ ऑगस्ट २०२४ मध्ये आणि ५.२ एप्रिल २०२५ मध्ये. साधारण दोन वर्षांतून एक आवृत्ती 'दीर्घ आधाराची' असते, तिला तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. ४.२ आणि ५.२ या तशा आवृत्त्या. ५.२ चा आधार एप्रिल २०२८ पर्यंत आहे.

प्रत्येक आवृत्ती तीन पायऱ्या चढून येते : अल्फा, बीटा आणि रिलीज कँडिडेट. अल्फा आली की नवी सोय घेणं बंद होतं आणि त्या आवृत्तीची शाखा वेगळी काढली जाते. ५.२ च्या बाबतीत अल्फा जानेवारीत, बीटा फेब्रुवारीत आणि कँडिडेट मार्चमध्ये आली.

डॉक्युमेंटेशन मागाहून लिहीत नाहीत

आपल्याकडे सवय अशी की आधी काम उरकायचं आणि कागद नंतर करायचे. जँगोचा नियम वेगळा आहे. डॉक्युमेंटेशनच्या फायली कोडच्याच भांडारात 'डॉक्स' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. नवी सोय सुचवणाऱ्याने कोडबरोबर चाचण्या आणि डॉक्युमेंटेशनही जोडायचं असतं. ते नसेल तर काम अपुरं ठरतं आणि कोड आत घेतला जात नाही.

नवी सोय आली की लिखाण किमान दोन ठिकाणी होतं. एक, त्या विषयाच्या संदर्भपानावर. तिथे 'ही सोय अमुक आवृत्तीत नवी' किंवा 'अमुक आवृत्तीत बदल' अशी खूण टाकतात. दोन, त्या आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणात. नवं काय, काय बदललं, आणि काय मोडू शकतं, याची यादी तिथे असते. हे सगळं साध्या मजकूर-फायलींत लिहितात आणि स्फिंक्स नावाचं साधन त्यातून वेबपानं तयार करतं.

खुणा कायम ठेवत नाहीत. दोन आवृत्त्यांपूर्वीच्या खुणा काढून टाकतात. म्हणून ५.२ च्या पुस्तिकेत ५.१ आणि ५.२ च्या खुणा दिसतात, ५.० च्या दिसत नाहीत. तसं केलं नसतं तर पान नुसत्या इतिहासानेच भरून गेलं असतं.

लॉगआउटची गोष्ट

पूर्वी जँगोत साधी लिंक देऊन लॉगआउट करता यायचं. त्यात धोका होता. दुसऱ्या एखाद्या साइटने आपल्या पानात तो पत्ता चित्र म्हणून घातला, तरी वापरणाऱ्याचं लॉगिन त्याच्या नकळत सुटायचं. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या ४.१ आवृत्तीत ही पद्धत 'जाणार' म्हणून जाहीर झाली. तेव्हा ती चालत होती, फक्त इशारा मिळत होता. डिसेंबर २०२३ च्या ५.० मध्ये ती काढूनच टाकली. आता लॉगआउटसाठी छोटा फॉर्म आणि बटण लागतं. जुन्या धड्यातली लिंक ५.० वर दाबली की ४०५ क्रमांकाची चूक येते.

मधल्या काळात ही सूचना ४.१ च्या प्रकाशन-टिपणात होती, संदर्भपानावर होती आणि 'काय केव्हा काढणार' या वेगळ्या यादीतही होती. ज्यांनी ती वाचली त्यांना सोळा महिने हाताशी मिळाले. ज्यांनी नाही वाचली, त्यांची साइट अपग्रेड केल्या दिवशी अडली.

वाचताना काय बघायचं?

पहिलं, आपली आवृत्ती. प्रत्येक आवृत्तीची पुस्तिका वेगळी असते आणि वेबपत्त्यात तिचा आकडा असतो. गुगलवरून आलात तर जुन्याच आवृत्तीच्या पानावर पोचण्याची शक्यता असते. आधार संपलेल्या आवृत्तीच्या पानावर तसा इशारा दिलेला असतो, त्याकडे दुर्लक्ष करू नये.

दुसरं, अपग्रेड करताना मधल्या सगळ्या आवृत्त्यांची प्रकाशन-टिपणं क्रमाने वाचावीत. ४.२ वरून ५.२ वर जाणाऱ्याने ५.० आणि ५.१ ची टिपणं गाळली तर घोटाळा ठरलेलाच.

तिसरं, आधी जुन्या आवृत्तीवरच पायथनचे इशारे दिसतील अशी सोय चालू करून चाचण्या चालवाव्यात. पुढे काय मोडणार ते तिथेच कळतं.

मराठीचा संबंध कुठे?

जँगोची पुस्तिका मुळात इंग्रजीत लिहिली जाते. मात्र 'हे फील्ड आवश्यक आहे' अशा प्रकारच्या, फॉर्मवर आणि ॲडमिन पानावर दिसणाऱ्या सूचनांचा अनुवाद वेगळा होतो. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. रिलीज कँडिडेट आली की मूळ इंग्रजी वाक्यं गोठवतात आणि अनुवादकांना अंतिम आवृत्तीआधी किमान दोन आठवडे मिळतात. त्या मुदतीत अनुवाद झाला नाही, तर मराठी निवडलेल्या साइटवरही ते वाक्य इंग्रजीतच दिसतं. म्हणजे मराठी पान अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी का दिसतं, याचं उत्तर बहुधा इथे असतं. अनुवाद स्वयंसेवक करतात. चांगलं मराठी येणाऱ्याने त्यात हात लावायला मोठा प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही.

पुस्तिकेतली चूक दाखवणं हीसुद्धा मदतच आहे. तुटलेली लिंक किंवा न चालणारं उदाहरण दिसलं तर दुरुस्ती सुचवता येते. नवख्या माणसाला प्रकल्पात शिरायची ही सगळ्यात सोपी वाट आहे.

आणि क्लास घेणाऱ्या सर-मॅडमना, मराठीतून व्हिडिओ करणाऱ्यांना एक विनंती. धड्याच्या पहिल्या ओळीतच आवृत्तीचा आकडा आणि तारीख लिहा. दोन वर्षांनी तो धडा उघडणाऱ्या मुलाची अख्खी संध्याकाळ त्या एका ओळीने वाचेल.