नदीतून तलावात

न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया पार्कातल्या पोहण्याच्या तलावाला विटांची भलीमोठी इमारत जोडलेली आहे. पोहायला एवढ्या विटा कशाला लागाव्यात? या तलावाची कुळकथा त्या विटांतच सापडते.

तिचं मूळ नदीत आहे. गरिबांच्या कोंदट खोल्यांत न्हाणीघर नसायचं. म्हणून १८७० पासून शहराने नद्यांच्या काठाला लाकडी तरंगती स्नानगृहं बांधून ठेवली. फळ्यांच्या फटींतून नदीचंच पाणी आत यायचं. सोय आंघोळीची होती, पोरं तिथे डुंबायची. पण शहराचं सांडपाणीही त्याच नद्यांत जात होतं. पुढे बंदिस्त सार्वजनिक स्नानगृहं आली, तरी उन्हाळ्यात पोरांच्या उड्या नदीतच पडत.

मग महामंदी आली. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने डब्ल्यूपीए ही रोजगार योजना काढली. हॅरी हॉपकिन्स तिचे प्रमुख. बेकाराच्या हातावर नुसती मदत टेकवायची नाही, त्याला काम द्यायचं, हा त्यांचा आग्रह. केंद्राचा पैसा मुख्यतः मजुरीवर खर्च व्हायचा होता. न्यूयॉर्कचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी १९३४ पासूनच वास्तुविशारद आणि अभियंते कामाला जुंपले होते. तलावांचे आराखडे तयार होते, म्हणून पैसाही भराभर आला. वास्तुविशारद एमार एम्बरी यांच्या देखरेखीखाली तलाव आखले गेले ते विटा आणि काँक्रीटचे. माल साधा, पण हात भरपूर लागणारा. अ‍ॅस्टोरियाच्या त्या इमारतीची एकेक वीट म्हणजे कुणाची तरी मजुरी आहे.

१९३६ च्या एकाच उन्हाळ्यात असे ११ तलाव उघडले. २४ जूनला हॅमिल्टन फिश, २ जुलैला अ‍ॅस्टोरिया: ३३० फूट लांब, १६५ फूट रुंद. लगेच तिथे ऑलिंपिकसाठी जलतरणाच्या निवड चाचण्याही झाल्या. ९ जुलैला सेंट्रल पार्कात पारा १०६ अंश फॅरेनहाइटवर गेला. त्या दिवसांत हे तलाव म्हणजे चैन नव्हती.

मला सगळ्यांत बोलकी वाटते ती पाय धुण्याची उथळ चर. कपडे बदलून तलावाकडे निघालं की तिच्यात पाय बुडवूनच पुढे जावं लागे. जुन्या स्नानगृहाचा वंश तिथे उघड दिसतो. हिवाळ्यात तलाव रिकामा असला, तरी कपडे बदलायच्या त्याच इमारतीत व्यायामशाळा भरे.

सगळ्यांना सारखं पाणी मात्र मिळालं नाही. हार्लेममधल्या कृष्णवर्णीय वस्तीसाठी कलोनियल पार्कचा तलाव ऑगस्टमध्ये उघडला. त्याच अकरांतल्या थॉमस जेफरसन तलावावर कागदोपत्री बंदी कुणालाच नव्हती, तरी तिथे कृष्णवर्णीय मुलं क्वचितच दिसत. हे सांगितल्याशिवाय ही कुळकथा खरी होत नाही.

अकरांतलाच ब्रुकलिनचा मॅककॅरन तलाव १९८० च्या दशकात बंद पडला. कोरड्या हौदात काही वर्षं गाण्याच्या मैफली झाल्या. २०१२ मध्ये पाणी परत आलं, तेव्हा विटांची जुनी कमान तिथेच उभी होती.