‘मानसिक’ हा एक शब्द

मी कवी. कायद्याच्या पुस्तकातही माझी नजर आधी शब्दांवर जाते. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलम आले. विवाहितेच्या छळाची व्याख्या करताना शारीरिक आरोग्याबरोबर ‘मानसिक’ आरोग्याचाही उल्लेख झाला. वळ दिसला नाही तरी जखम असते, हे कायद्याने मानले.

पण न्याय मागतानाही मन सोलवटते. आधी पोलीस ठाण्यात, मग वकिलापुढे, मग साक्षीच्या पिंजऱ्यात तीच मारहाण पुन्हा सांगायची. तारीख जवळ आली की झोप उडते. कोर्टाच्या व्हरांड्यात मारणारा समोरच उभा असतो.

मार खाल्लेली बाई कोर्टाआधी दवाखान्यात येते. हे ओळखून २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने समुपदेशन केंद्र काढले. नाव ठेवले ‘दिलासा’. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत किती घरचा झाला आहे!

२००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने वेळेचाही विचार केला. पहिली सुनावणी साधारणपणे ३ दिवसांत, तिथून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न, गरज पडल्यास बंद दाराआड कामकाज. मुदत पाळणे हाही मनावरचा उपचारच.

१ जुलै २०२४ पासून ४९८-अची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांनी घेतली. ‘मानसिक’ हा शब्द मात्र टिकला. प्रत्यक्षात पुष्कळदा ६० दिवसांची वर्षे होतात. तोवर कोर्टाच्या बाकावर तिच्या शेजारी कुणी आपले माणूस बसलेले असावे. एवढे तर आपल्याला करता येईल.